शब्दचर्चा : फटकळ, खवचट, कुजकट, तुसडा यांत नेमका फरक काय?

लातूरकर: एकांकिकेत एक थोरली काकू आहे, औशाकडची. मनानं वाईट नाही, पण तिचं एक वाक्य ऐकलं की समोरचा दिवसभर चरफडत राहतो. पात्रपरिचयात तिला एका शब्दात काय म्हणावं? ‘खोचक’ पुस्तकी वाटतं. ‘खाष्ट’ म्हटलं की सिनेमातली सासूच उभी राहते. फटकळ, खवचट, कुजकट, तुसडी हे शब्द आपल्याकडं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. फरक उलगडून सांगावा.

परभणीकर: वापरतात ते घाईत. दोन गोष्टी बघा. समोरच्याला लागावं असा हेतू आहे का, आणि वार उघडा आहे की झाकलेला. फटकळाचा हेतू नसतो, मनात आलं ते गाळणी न लावता तोंडावाटे बाहेर पडतं. खवचटाचा हेतू असतो, वरून मात्र हसू. कुजकटाचा हेतू तर असतोच, शिवाय आत जळफळाट. दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला सोसत नाही. तुसड्याला तुम्हाला लागो न लागो, त्याला तुम्ही समोर नको असता, एवढंच.

एकच प्रसंग घ्या. येळवस (वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण) आहे, सगळं घर शेतात, कोपीपाशी (कडब्याच्या खोपटीपाशी) पंगती उठत आल्यात आणि पुण्याचा पुतण्या दुपारी दोनला बांधावर येतो.
फटकळ काकू: ‘आत्ता यायलास व्हय? सगळे जेवून उठले. दोन वर्षं तोंड दाखविलं न्हाईस.’
खवचट काकू: ‘या साहेब, या. आमची भज्जी-आंबील चालंल का तुमच्या पुण्याच्या तोंडाला?’
कुजकट काकू: ‘सासऱ्यानं गाडी दिली म्हणून आलास. तुझ्या पगारात कुठलं आलंय पेट्रोल?’
तुसडी काकू: ‘हं. बस तिकडं.’ आणि पाठ फिरवून भांडी गोळा करायला लागते.

पहिलीला पुतण्या हसून ‘चुकलं काकू’ म्हणेल आणि ती लगेच ताट वाढेल. तिसरीचं बोलणं तो बायकोला सांगणारही नाही. यावरून तुमची काकू कुठली ते ठरवा.

अंबाजोगाईकर: आणखी एक कसोटी: माणूस तो शब्द स्वतःला लावतो का? ‘मी जरा फटकळच आहे हो’ असं लोक थोड्या अभिमानानं सांगतात. ‘खवचट’ मित्रामित्रांत लाडानं चालतो. ‘मी कुजकट आहे’ असं म्हणणारा अजून कुणी भेटायचाय. त्यामुळं कुजकट हा कायम दुसऱ्यानं, तोही पाठीमागं वापरायचा शब्द.

आता व्याकरण, कारण इथंच जास्त घोळ होतो. फटकळ, खवचट, कुजकट, तिरकस, खोचक, तोंडाळ ही विशेषणं बदलत नाहीत: फटकळ बाई, फटकळ गडी, फटकळ पोरगं. तुसडा, बोचरा, झोंबरा मात्र बदलतात: तुसडी, तुसडं, तुसडे.

शिवाय कुठलं विशेषण माणसाला आणि कुठलं बोलण्याला, हेही पाहावं. बोचरे शब्द, बोचरी टीका, बोचरी थंडी हे ठीक, पण ‘बोचरा माणूस’ कानाला खटकतं. ‘खोचक’ प्रश्नाला, शेऱ्याला शोभतो. फटकळ नेमका उलट: फटकळ माणूस, फटकळ तोंड, ‘फटकळ प्रश्न’ कुणी म्हणत नाही. म्हणजे पात्रपरिचयात खोचक खटकतो तो पुस्तकी आहे म्हणून नाही. तो वाक्याचा गुण आहे, स्वभावाचा नाही.

नांदेडकर: खाष्टबद्दल सहमत. खाष्ट, कजाग, जहांबाज हे शब्द जवळजवळ बायकांसाठीच राखून ठेवलेत. तोच स्वभाव पुरुषाचा असला की तो परखड, रोखठोक, सडेतोड होतो. एकांकिकेत काकूला कजाग आणि काकाला सडेतोड म्हणालात तर प्रेक्षकांतली एखादी तरी विचारणारच.

विशेषणांपेक्षा आपल्या बोलीतली क्रियापदं जास्त कामाची. घालूनपाडून बोलणे म्हणजे उघड अपमान, चारचौघांत. टाकून बोलणे बहुधा मोठ्यानं लहानाला, ‘तुझ्यानं काय होणार’ या सुरात. तोडून बोलणे म्हणजे पुढं बोलणंच नको. हिडीसफिडीस करणे यात शब्दांपेक्षा वागणूक जास्त. अक्कल काढणे, माप काढणे, औकात काढणे हे भांडणातले. सगळ्यात बारीक काम ‘लावून बोलणे’ याचं, म्हणजे आडून टोमणा मारणे. तुमची काकू बहुतेक लावून बोलते.

दखनी उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांत ‘ताना मारना’ (टोमणा मारणे) ऐकू येतं, ‘जबान सांभाळ’ तर मराठी घरांतही चालतं. पण हे दुसरं दटावणीचं. काकूच्या तोंडी ‘जबान’ घातलीत की ती लागलीच भांडायला उभी राहिलेली दिसेल.

लातूरकर: हो, लावूनच बोलते! पण संवाद लिहायला बसलं की नुसती शिव्या देणारी बाई होते. कुठं चुकतंय?

परभणीकर: टोमण्याचे तीन भाग असतात, त्यातला एक गळत असेल. वरवर साधं किंवा कौतुकाचं वाक्य. ज्याला लागायचं त्याचं नाव न घेणं. आणि पळवाट, म्हणजे ‘मी कुठं तुला म्हणलं?’ असं म्हणायला जागा. नाव घेतलं, दोष सरळ सांगितला की त्याचे खडे बोल झाले. शिवी आली की ते शिवराळ. ‘लेकी बोले सुने लागे’ म्हणतात ते या दुसऱ्या भागाबद्दलच.

उदाहरणार्थ, सून उशिरा उठते. ‘तू उशिरा उठतीस’ हा टोमणा नाही. लेकीकडं बघून ‘तू कशाला उठलीस गं एवढ्या लवकर, दिस अजून डोक्यावर कुठं आलाय’ हा टोमणा. पुढं कंसात ‘खोचकपणे’ लिहू नका. वाक्यात खोच असेल तर ती पोचते, नसेल तर कंस वाचवत नाही.

दुसरी चूक वर्माची. बोलणं वर्मी लागायला समोरच्याचं वर्म आधी प्रेक्षकाला माहीत पाहिजे. पुतण्याची नोकरी सुटलीय हे आम्हाला ठाऊक नसेल, तर ‘सुट्ट्या बऱ्या मिळायल्यात तुला’ हे साधं विचारणं वाटेल. ज्ञानेश्वरीच्या १३व्या अध्यायात वाणीचे टाकायचे अवगुण सांगितलेत, त्यांत उपहास, छळ यांच्याच ओळीत ‘वर्मस्पर्शु’ आहे. म्हणजे हे तंत्र जुनंच.

अंबाजोगाईकर: वर्म आणि जिव्हार यांतही गल्लत नको. वर्म म्हणजे नेमकी दुखरी किंवा झाकलेली जागा, तिथं बोट ठेवतात. घाव खोल गेला की तो जिव्हारी लागतो. वर्म बोलणारा हेरतो, जिव्हारी लागल्याचं ऐकणारा सांगतो.

‘काळ्या जिभेची’ असंही लिहू नका, मागं एका नाटकात ते चुकीचं ऐकलं. काळी जीभ म्हणजे वाईट बोललेलं खरं ठरणं, टोचून बोलणं नव्हे. विखारी तर तिला अजिबात नको. गावाकडं विषाला अजून ‘इख’ म्हणतात, आणि विखारी बोलण्यात समोरच्याचं वाटोळं व्हावं असा द्वेष असतो. तिखट जिभेची चालेल.

लातूरकर: मग ‘मनानं निर्मळ, पण लावून बोलणारी, खवचट काकू’ असं लिहितो. शेजारणीचं एक छोटं पात्र आहे, ती खरीच कुजकट. ते कुजकट लिहू की कुचकट? दोन्ही ऐकतो.

नांदेडकर: दोन्ही चालतात. कुजणे या अर्थाशी नातं ठेवायचं तर कुजकट. मळकट, पोरकट यांसारखाच हीनता दाखवणारा ‘कट’ त्याला लागलाय. ‘कुचका’ही म्हणतात, पण तो बदलतो, म्हणून शेजारणीला ‘कुचकी’ करावं लागेल. संहितेत एकदा जे धराल तेच शेवटपर्यंत ठेवा, आणि नटीला ‘ज’चा उच्चार दाताकडचा करायला सांगा, ‘जीव’मधल्यासारखा नव्हे, ‘जाड’मधला.