टॅक्सिडर्मिस्टकडून शिकारीची ट्रॉफी गहाळ झाली, तर भरपाई कशाची आणि किती मागावी?

माळरान यांचा प्रश्न

रीतसर परवाना काढून, हंगामाचे नियम पाळून केलेल्या शिकारीतील हरणाचे मस्तक मी एका टॅक्सिडर्मिस्टकडे (मृत प्राण्यांचे अवशेष जतन करून मांडणाऱ्या कारागिराकडे) भिंतीवर लावण्याजोगे तयार करण्यासाठी सोपवले होते. कवटीच्या वरच्या भागासह शिंगे आणि मीठ लावलेले खांद्यापर्यंतचे कातडे असा तो ऐवज होता, आणि ठरलेल्या मजुरीपैकी निम्मी रक्कम मी आगाऊ भरली होती. मुदत उलटून गेल्यावरही बराच काळ "काम रांगेत आहे" एवढेच उत्तर मिळत राहिले, आणि आता त्यांनी कबूल केले आहे की कार्यशाळा दुसऱ्या जागी हलवताना शिंगे आणि कातडे दोन्ही गहाळ झाले. आगाऊ रक्कम परत करण्याची आणि वर त्याच जातीच्या दुसऱ्या हरणाची शिंगे देण्याची त्यांची तयारी आहे. पावतीच्या मागे मात्र "हानी वा नुकसानीस आम्ही जबाबदार राहणार नाही" असे बारीक अक्षरांत छापलेले आहे. या परिस्थितीत मी नेमके काय मागू शकतो, आणि शिकारीवर झालेला प्रवासाचा, मार्गदर्शकाचा व परवान्याचा सगळा खर्च त्यात धरता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कलमबहाद्दर यांचे उत्तर

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असल्यामुळे अंतिम सल्ला तिथल्या वकिलाचाच घ्यावा. परंतु इंग्रजी कायद्याच्या परंपरेतील बहुतेक देशांत याचे मूळ तत्त्व एकच आहे. आपली वस्तू विशिष्ट कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि काम झाल्यावर ती परत मिळायची असेल, तर त्या व्यवहाराला निक्षेप म्हणतात, आणि इंग्लंडमध्ये १७०३ सालच्या ब्रँडीच्या पिंपांच्या खटल्यापासून न्यायालये त्याचे नियम बारकाईने मांडत आली आहेत. आपल्या दृष्टीने त्यातला सर्वांत उपयोगी नियम असा, की वस्तू ताब्यात दिली होती आणि ती परत मिळाली नाही, एवढे आपण दाखवले की पुरेसे होते. स्वतः वाजवी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्यानंतर टॅक्सिडर्मिस्टवर येतो. सामान हलवताना ग्राहकांच्या वस्तूंची यादी केली नसेल, तर हा भार पेलणे त्यांना अवघड जाईल.

खरी अडचण मोलाची आहे, कारण अशा वस्तूला धड बाजारभाव नसतो. कित्येक प्रजातींच्या ट्रॉफींची विक्रीच कायद्याने बंद असते, तेव्हा "बाजारात हिची किंमत काय" या प्रश्नाचे उत्तर शून्य येईल आणि तुमच्या दाव्याचेही शून्यच होईल. याच पेचावर अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. एका कुटुंबाने अनेक वर्षांच्या घरगुती चित्रफितींची ३२ रिळे मोठ्या रिळांवर जोडून घेण्यासाठी दुकानात दिली आणि ती हरवली. दुकानदाराचे म्हणणे होते की कोऱ्या फिल्मची किंमत द्यावी आणि विषय संपवावा. न्यायालयाने ते नाकारले. जिथे बाजारभाव नाही आणि तशीच दुसरी वस्तू मिळवताही येत नाही, तिथे मालकाच्या लेखी असलेले तिचे वास्तव मोल धरावे. मात्र निव्वळ हळवेपणाचे मोल धरू नये, असे सांगून न्यायालयाने ज्यूरीने ठरवलेली ७,५०० डॉलरची भरपाई कायम ठेवली. पावतीवरची जबाबदारी झटकणारी ओळही त्या खटल्यात टिकली नाही. आपल्या पावतीमागच्या ओळीचेही तसेच होईल, असे मी खात्रीने सांगणार नाही, पण ती सोपवतानाच आपल्या लक्षात आणून दिली नसेल, तर तिला घाबरून मागे हटण्याचे कारण नाही.

शिकारीचा संपूर्ण खर्च मात्र मिळेल, असे मला वाटत नाही. शिकार झाली, तिचा अनुभव आपल्याला मिळाला. तो खर्च टॅक्सिडर्मिस्टमुळे वाया गेलेला नाही. १८५४ सालच्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल खटल्यात गिरणीचा मोडलेला दांडा नमुना म्हणून वेळेवर न पोहोचवणाऱ्या वाहतूकदाराकडून बंद गिरणीचा बुडालेला नफा वसूल होऊ शकला नाही, कारण करार करताना त्या परिणामाची दोन्ही पक्षांना वाजवी कल्पना असणे आवश्यक मानले गेले. आपण पुन्हा शिकारीला जाल आणि त्याचे बिल स्वतःच्या माथी येईल, अशी कल्पना मजुरी ठरवताना टॅक्सिडर्मिस्टला होती, असे म्हणणे कठीण आहे.

हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आगाऊ रक्कम परत मागितली, तर कच्च्या ऐवजाचे मोल मागावे. तयार ट्रॉफीचे मोल मागितले, तर न भरलेली अर्धी मजुरी त्यातून वजा होईल. दोन्ही एकत्र मागणे म्हणजे एकाच नुकसानीची दोनदा वसुली होते, आणि त्यामुळे न्यायाधीशाचा बाकीच्या दाव्यावरचाही विश्वास उडतो.

भुसा आणि फोम यांचे उत्तर

मी याच व्यवसायात आहे, म्हणून कायद्याऐवजी कामाच्या पद्धतीविषयी लिहितो. "गहाळ झाले" हे उत्तर इतक्या लवकर मान्य करू नका. शिंगे आणि कातडे सहसा एकत्र राहतच नाहीत. शिंगे क्रमांकाची चिठ्ठी बांधून मांडणीवर किंवा छताला टांगलेली असतात, तर कातडे बहुतेकदा कमावण्यासाठी बाहेरच्या कारखान्यात जाते. तिथल्या रसायनांत कागदी चिठ्ठी टिकत नाही, म्हणून कातड्याच्या कडेला टोचणीने बारीक छिद्रे पाडून त्यांच्या मांडणीतूनच क्रमांक उमटवलेला असतो. तेव्हा जागा बदलताना दोन्ही एकदमच हरवली, हे मला जरा विचित्र वाटते. आवक नोंदवही, आपल्या ऐवजाचा क्रमांक आणि कारखान्याला पाठवलेल्या मालाची यादी लेखी मागा. कातडे अजून त्या कारखान्यात पडून असण्याची शक्यता आहे. किंवा शिंगांची अदलाबदल होऊन आपली शिंगे दुसऱ्या ग्राहकाच्या भिंतीवर गेली असतील. फांद्यांची ठेवण आणि बुडाशी असलेली खडबडीत कडी प्रत्येक नराची वेगळी असते, त्यामुळे शिकारीच्या वेळचे जवळून काढलेले एक छायाचित्रही ओळख पटवायला पुरते.

दोन वस्तूंचे मोलही वेगळे धरा. ज्याला आम्ही तयार मस्तक म्हणतो, त्यात आत फोमचा साचा, काचेचे डोळे आणि वरून ताणून बसवलेले कातडे असते. मूळ प्राण्याची अशी खूण शिंगांतच उरते. कातडे खराब झाले, तर त्याच मापाचे दुसरे विकत घेऊन बसवणे ही आमच्याकडे रोजची बाब आहे, आणि त्याची रक्कम सरळ बिलावरून ठरते. शिंगांना असा पर्याय नाही. अधिकृत मोजणी झाली असेल, तर ती मापे आणि छायाचित्रे यांवरून हुबेहूब प्रतिकृती बनवणारे कारागीर असतात आणि त्यांचे दरपत्रक हा भरपाईचा भक्कम आधार ठरू शकतो. शिकारीतील शिंगांची अधिकृत मापे नोंदवणाऱ्या उत्तर अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीत शिंगे किमान ६० दिवस वाळल्याशिवाय अधिकृत माप घेतले जात नाही, त्यामुळे थेट टॅक्सिडर्मिस्टकडे गेलेल्या शिंगांची अशी मापे पुष्कळदा झालेलीच नसतात. मापे झालेली नसतील, तर निदान छायाचित्रांवरून केलेला अंदाज जोडावा.

दुसऱ्या हरणाची शिंगे मात्र कागदपत्रांशिवाय अजिबात घेऊ नका. ती कोणाच्या परवान्यावरची, हे आपल्याला ठाऊक नाही. उद्या वनखात्याने विचारले, तर आपल्या परवान्याचा क्रमांक आणि भिंतीवरचे जनावर जुळणार नाही. नुकसान झालेला माणूस त्यात आरोपी व्हायचा.

उंबरठा यांचे उत्तर

कलमबहाद्दर यांच्या शिकारीच्या खर्चाविषयीच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. तो खर्च नुकसान म्हणून मिळणार नाही, हे मान्य. परंतु मोल ठरवण्याचा पुरावा म्हणून तो का मांडू नये? काही ठिकाणी काही प्राण्यांचा परवाना एका माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. तिथे पुन्हा मिळवण्याचा खर्च हा हिशेब लागूच पडत नाही, आणि ती वस्तू मिळवायला मालकाने किती पैसा घातला हाच तिच्या मोलाचा सर्वांत वस्तुनिष्ठ पुरावा उरतो. सोपवताना हे आपण टॅक्सिडर्मिस्टला सांगितले असेल, तर हॅडलीच्या कसोटीवरही बाजू बळकट होते. मनस्तापाबद्दल इंग्लंडमध्ये सहलीच्या आयोजकाकडून प्रवाशाला भरपाई मिळालेली आहे, पण तिथे आनंद देणे हाच कराराचा हेतू होता. टॅक्सिडर्मीचा करार त्या वर्गात बसतो की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

माळरान

सर्वांचे आभार. परवाना आयुष्यात एकदाचा नव्हता, आणि मोजणी झालेली नाही. छायाचित्रे मात्र भरपूर आहेत. त्यांच्याकडे विमा असेल, तर त्यातून हे मिळेल का?

कलमबहाद्दर

विचारायलाच हवे, पण नेमके विचारा. दुकानाच्या सर्वसाधारण विम्यात ग्राहकांचा ताब्यात असलेला माल पुष्कळदा वगळलेला असतो. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. आपल्या स्वतःच्या घरविम्यातही घराबाहेर असलेल्या वस्तूंचे कलम आहे का, हे पाहा. उंबरठा यांचा पुराव्याचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त तो खर्च मागणीच्या रकमेत न घालता सोबतच्या परिशिष्टात द्यावा. आणि विमा कंपनीशी बोलणे सुरू असताना आगाऊ रक्कम परत घेताना "पूर्ण व अंतिम तडजोड" अशा मजकुरावर सही करू नका.