स्वभावाची प्रश्नावली भरून घराची सजावट ठरवावी का?

कोनाडा:
आमचा साडेसहाशे चौरस फुटांचा जुना फ्लॅट आम्ही नव्याने करून घेत आहोत. सजावटकाराने पहिल्याच भेटीत आम्हा दोघांकडून वीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, मला ‘अंतर्मुख’ आणि यजमानांना ‘बहिर्मुख’ ठरवले आणि त्यानुसार मला राखाडी भिंती व बंद कपाटे, तर त्यांना उघडे शेल्फ सुचवले. वास्तविक पुस्तके आणि आजीची पितळी भांडी मांडण्याची हौस मला आहे. यजमानांना समोर पसारा दिसला की चैन पडत नाही. स्वभाव आणि आवड यांचे नाते खरोखर इतके सरळ असते का?

जुनी वही:
नाते आहे, परंतु सजावटकाराने ते उलटे धरले आहे. मानसशास्त्रात सामान्यतः स्वभावाचे पाच मुख्य घटक मानले जातात आणि बहिर्मुखता हा त्यांपैकी केवळ एक आहे. सॅम गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरीक्षकांनी ९४ कार्यालयीन जागा आणि ८३ शयनगृहे पाहून तिथल्या अनोळखी माणसांच्या स्वभावाचा अंदाज बांधला होता. त्या पाचांपैकी नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा त्यांना सर्वांत चांगला ओळखता आला. पुस्तकांमधली विविधता ही त्याची एक खूण होती. मात्र खोलीवरून माणसाचा अंदाज येतो, म्हणून माणसावरून भिंतीचा रंग सांगता येतो असे नाही. शिवाय तिथे अंदाज एकेका माणसाचा बांधायचा होता. आपल्याकडे एकाच हॉलमध्ये चौघांचे स्वभाव नांदतात.

माजघर:
माझ्या लहानपणी आमच्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक हॉलमध्ये काचेचे शोकेस होते आणि त्यात बाहुल्या, न वापरलेला कपबशांचा सेट आणि शाळेतली एखादी ढाल असे. सगळ्या इमारतीचा स्वभाव एकच होता, असे म्हणायचे काय? आवड पुष्कळदा शेजाऱ्याकडून येते आणि उरलेली खिसा ठरवतो.

सुतारपक्षी:
मी हेच काम करतो, पण प्रश्नावली देत नाही. ग्राहकाच्या राहत्या घरी तासभर बसतो. बाहेरून आल्यावर किल्ली कुठे टाकली जाते, औषधांच्या पट्ट्या कुठे सापडतात, धुतलेले कपडे घडी होण्याची वाट पाहत कोणत्या खुर्चीवर साचतात, हे पाहिले की माणूस कागदावर लिहितो त्यापेक्षा बरेच अधिक कळते. एका ग्राहकाने मासिकातले चित्र दाखवून हँडल नसलेले मॉड्युलर किचन हट्टाने करून घेतले. स्वयंपाक त्यांच्या आई करत. कणकेच्या हातांनी त्यांना ड्रॉवरची खाच धरता येईना, आणि महिन्याभरात प्रत्येक ड्रॉवरला नाडीचा एकेक तुकडा अडकवलेला दिसला. तुम्ही एवढेच पाहा की यजमान रोज कुठे बसतात. शेल्फ त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर घ्या आणि भांड्यांच्या कप्प्यांना सरकत्या काचा लावा, म्हणजे धूळही कमी बसेल.

कोनाडा:
आभारी आहे. यजमानांच्या खुर्चीवर बसून पाहिले, तर समोर नेमकी तीच भिंत आली जिच्यावर सजावटकाराने शेल्फ काढले आहे. आज मोजपट्टी घेऊन आम्ही दोघांनी मागची भिंत मोजली. ती सव्वानऊ फूट भरली. त्यांनी एकच अट घातली आहे, की पितळेचा मोठा हंडा शेल्फवर न ठेवता गॅलरीत ठेवावा.