व्हॉल्व रेडिओतील जुने कपॅसिटर: कोणते बदलावेत?

प्रश्न:
घरातला १९५०च्या दशकातील व्हॉल्व रेडिओ दुरुस्तीसाठी उघडला आहे. आउटपुटला (स्पीकर चालवणारा) ईएल८४ व्हॉल्व आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा व्हॉल्व) ईझेड८० आहे. मेण लावलेल्या कागदी कपॅसिटरांपैकी एकावर ‘.०१ एमएफडी ४०० व्ही’ (०.०१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट) असे वाचता येते. शिवाय रंगीत ठिपक्यांचे काही चपटे, तपकिरी कपॅसिटर आहेत. कागदी कपॅसिटर मीटरवर छापील आकड्याहून थोडे जास्तच भरतात, मग ते चांगले समजावेत का? फिल्टरच्या (रेक्टिफायरनंतरचा डीसी सपाट करणाऱ्या) ३२+३२ मायक्रोफॅरडच्या, म्हणजे एकाच डब्यातील दोन कपॅसिटरांच्या, डब्याऐवजी १०० मायक्रोफॅरड चालेल का?

उत्तर १:
चांगले समजू नयेत. जास्त भरणे हे बहुधा गळतीचे (कपॅसिटरमधून थोडा डीसी करंट झिरपण्याचे) लक्षण असते, आणि मीटरवर ती पूर्ण दिसत नाही, कारण मीटर काही व्होल्टांवरच मोजतो, तर रेडिओ चालू असताना त्याच कपॅसिटरवर दीडशे-दोनशे व्होल्टांचा ताण असतो. सर्वांत आधी ईएल८४च्या ग्रिडला (व्हॉल्वमधील करंट नियंत्रित करणाऱ्या जाळीला) जोडलेला कपलिंग कपॅसिटर, म्हणजे आधीच्या टप्प्यातून फक्त सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा, बदला. ग्रिडचा रेझिस्टर १ मेगोहमचा असेल, तर अवघ्या १ मायक्रोअँपिअर गळतीने ग्रिड १ व्होल्टने धन बाजूला सरकते, व्हॉल्वमधून जादा करंट वाहू लागतो आणि गळती वाढत गेली की व्हॉल्वसोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. व्हॉल्व एक वेळ मिळेल. त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मिळणे फार कठीण. तुमच्या .०१ च्या जागी ‘१०३’ (१० वर तीन शून्ये पिकोफॅरड, म्हणजेच ०.०१ मायक्रोफॅरड) छापलेला, ६३० व्होल्टांचा फिल्म (प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा) कपॅसिटर बसेल.

उत्तर २:
ठिपक्यांचे कपॅसिटर बहुतेक अभ्रकाचे असतात. ते ट्यूनिंगच्या सर्किटमध्ये असतील तर कारणाशिवाय हात लावू नये, अन्यथा अलाइनमेंट (स्टेशने नेमक्या जागी लागण्यासाठी केलेली जुळवणी) बिघडते. मात्र काही अमेरिकी चपट्या कपॅसिटरांच्या आत कागदच असतो, त्यामुळे केवळ आकारावरून निष्कर्ष काढू नये.

फिल्टरला १०० घालू नका. ईझेड८०च्या लगेच पुढे ५० मायक्रोफॅरड ही कमाल मर्यादा आहे. त्याहून मोठा कपॅसिटर भरताना रेक्टिफायरवर करंटचे जबर झटके बसतात. ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टांचे दोन स्वतंत्र कपॅसिटर घ्या आणि मूळ डबा शोभेसाठी जागेवरच, पण तारा काढून ठेवा.

उत्तर ३:
मेन्सच्या दोन तारांमध्ये कपॅसिटर असल्यास तेथे साधा फिल्म कपॅसिटर न लावता एक्स२ वर्गाचाच (मेन्सच्या तारांमध्ये लावण्यासाठी बनवलेला सुरक्षा कपॅसिटर) लावावा. एका वेळी एकच बदलावा, म्हणजे चूक झाल्यास ती लगेच सापडते. प्लग काढल्यावरही फिल्टरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय चॅसीत (भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यात) हात घालू नये.