मदत हवी आहे: दोड्डेरीला कुणी जाऊन आलंय का?

नमस्कार मंडळी. मी विट्याचा. सेनापती संताजी घोरपडे यांच्या दोड्डेरीच्या मोहिमेचा मोठा नकाशा नववीच्या मुलांकडून करून घेतोय. १६८९ मध्ये रायगड गेला, राजाराम महाराज जिंजीत, मुलखात मोगली फौजा. अशा वेळी नोव्हेंबर १६९५ मध्ये संताजींनी मोगल सरदार कासिमखानाला दोड्डेरीच्या गढीत कोंडलं, दाणापाणी तोडलं. खान तिथंच मेला. दोनच महिन्यांत बसवापट्टणजवळ हिंमतखानही पडला. एवढा पराक्रम आणि आमच्या पोरांना जागा माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं.

गाव चित्रदुर्ग जिल्ह्यात, चळ्ळकेरे तालुक्यात आहे, एवढं पक्कं केलंय. तिकडं दोन-तीन फोन लावले, पण कन्नड येत नसल्यानं गाडं अडलं. पुस्तकांची नावं नकोत, ती वाचून झालीत. आधी मी एकटाच जाऊन फोटो काढणार. हातात शनिवार-रविवार, गाडी नाही. मिरजेहून रेल्वेनं हुबळीपर्यंत जायची तयारी आहे.

गढीचे अवशेष आज नेमके कुठं दिसतात, आणि चित्रदुर्गाहून तिथं एसटीनं जाऊन त्याच दिवशी परतता येतं का?