मदत हवी आहे : भाच्याचा ऑटिझम, कोल्हापुरात थेरपिस्ट
नमस्कार मंडळी. माझा भाचा साडेतीन वर्षांचा. हाक मारली तर वळत नाही, आपला प्रश्नच परत म्हणतो, मिक्सर लागला की कान झाकतो. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलाय. ('पोरगं आहे, बोलेल उशिरा' हे पै-पाहुण्यांचं चालूच आहे.)

राजारामपुरी-शाहूपुरीकडे खेळत खेळत शिकवणारे स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट कुणाच्या अनुभवातले आहेत का? 'पूर्ण बरा करतो' म्हणणारे नकोत. हा आजार नव्हे, एवढं आम्हाला कळलंय.

यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) तपासणीला सीपीआर या सरकारी दवाखान्यात कुठल्या वारी जायचं? निरामय विमाही (ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठीचा सरकारी आरोग्य विमा) काढायचाय, वर्षाला १ लाखापर्यंत मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

आणि गणपतीत डॉल्बी लागला की अशा लेकरांना तुम्ही कसं सांभाळता? बहिणीचं घर मिरवणुकीच्या वाटेवरच आहे.