पोक्सोत दोषी ठरल्यावर अपील कशाला?

निंबोणी: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे ‘अपील हा आरोपीचा पवित्र हक्क’. जानेवारी २०२१चा नागपूर खंडपीठाचा निकाल विसरलात? बारा वर्षांची मुलगी, पण हात कपड्यांवरून लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पोक्सोतून, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यातून, मोकळा. तीन वर्षांची शिक्षा एकावर आली. कशामुळे? अपिलामुळे! एकदा दोषी ठरला की दार बंद करा.

कोर्टपक्षी: आणि तो निकाल फिरवला कशाने? १८ नोव्हेंबर २०२१, सुप्रीम कोर्ट. खुद्द ॲटर्नी जनरल अपिलात गेले होते. पोक्सोच्या कलम ७ मध्ये हेतू बघायचा, त्वचा नाही, असं सांगून तीन वर्षं परत लावली. तेच दार बंद करायला निघालात.

निंबोणी: ॲटर्नी जनरल प्रत्येक पोरीसाठी येतात का हो? आमच्या गल्लीतल्या केसमध्ये अपील दाखल, शिक्षा स्थगित, गडी बाहेर. गणपतीत आरतीला पुढे, हातात झांजा. समोरच्या घरात पोरीची आई खिडकी लावून बसलेली. हे कुठलं कलम?

कोर्टपक्षी: शिक्षा स्थगितीचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३८९, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये ४३०. तुमचा राग स्थगितीवर आहे, अपिलावर का काढताय?

माळरान: माझा चुलतभाऊ चार वर्षं आत होता. दोघं पळून गेलेले, पोरीच्या बापाची फिर्याद. दाखल्यावर तिचं वय सतरा, जन्मतारीख १ जून. गुरुजींनी ठोकलेली! त्या तारखेला आधारच नाही, हे अपिलात, हायकोर्टात निघालं. आज ती माझी वहिनी आहे.

सातबारा: हाहा, १ जून! आमची आई आणि मामा दोघंही १ जूनचे, वर्षंही एकच. जुळे नाहीत.

माळरान: त्याच तारखेवर माणूस आत जातो.

सातबारा: आणि रिटायरही होतो. आमचे काका दीड वर्ष आधी घरी बसले.

निंबोणी: पोरींचा विषय चाललाय आणि तुम्ही वाढदिवस साजरे करताय. लाज?

कोर्टपक्षी: ताई, अठराच्या आत की बाहेर, यावरच केस उभी राहते. आधी दाखला, मग जन्मनोंद, काहीच नसेल तर हाडांची तपासणी.

निंबोणी: बरं, राहू द्या तुमचं अपील. तुम्हीच शहाणे. पण गडी सुटतोय हे आधी फिर्यादीला कळवा तरी. त्या आईला झांजा ऐकून कळलं.

कोर्टपक्षी: यावर माझ्याकडे उत्तर नाही.