नाशिकच्या पावसाळ्यात मिनिएचरला प्रायमर: रव्यासारखा थर, निखळणारे हात आणि पिवळं चिलखत

इंदिरानगर_२८मिमी

नमस्कार मंडळी,

साय-फाय खेळाचे २८ मिमी मापाचे दहा चिलखती सैनिक (मिनिएचर, म्हणजे रंगवायच्या छोट्या मूर्ती) आहेत, कडक प्लास्टिकचे, फ्रेममधून कापून जोडलेले. सोबत रेझिनचा दोन पायांचा वॉकर (चालतं लढाऊ यंत्र), उंची साधारण ११ सेंमी. काम चार ठिकाणी अडलंय.

पाच सैनिकांना गच्चीवर स्प्रे कॅनने करडा प्रायमर (वरचा रंग धरावा म्हणून आधी देतात तो थर) दिला. पाऊस थांबलेला होता, पण हवा दमट. वाळल्यावर थर रवा शिंपडल्यासारखा खरखरीत लागतोय, हेल्मेटच्या जाळ्या बुजल्यात. हा थर काढता येईल का? आणि उरलेल्या पाचांना प्रायमर कसा द्यायचा?

वॉकरचे तोफवाले हात फेव्हिक्विकने चिकटवले की दोन-तीन दिवसांत निखळतात. एका सैनिकाच्या टोपाची पारदर्शक काच त्याच फेव्हिक्विकने पांढुरकी झाली.

चिलखत पिवळं, सांधे काळे आणि बंदुकीच्या कॉइलमध्ये निळा प्लाझ्मा असं ठरवलंय. पिवळा रंग नीट झाकत नाही असं सगळीकडे वाचलं. कॉलेज रोडवर स्टेशनरीत मिळणाऱ्या ट्यूबच्या अ‍ॅक्रिलिकवर भागेल का? एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) नाही.

सुटे_भाग

आधी प्रायमरचं बघू, कारण तो बिघडला तर वरचं सगळं बिघडतं.

रव्यासारखा थर दोन कारणांनी येतो. कॅनमधून निघालेला थेंब मूर्तीवर ओला पोचला पाहिजे, तिथे पसरला पाहिजे आणि मग वाळला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो तेव्हा थेंब वाटेतच वाळतो आणि मूर्तीवर नुसती पूड बसते. लांबून फवारलं तरी तेच होतं. पावसाळ्यातलं दुखणं निराळं. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि ओल्या थरात अडकतं. थर धुरकट होतो, नीट पसरत नाही. तुमच्याकडे दोन्ही कारणं एकत्र आली असावीत. अंतर किती ठेवलं होतं?

एक साधा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र) घ्या. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅनला हात लावू नका, मग आभाळ कितीही मोकळं दिसो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे असा कोरडा दिवस क्वचितच मिळतो. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी तर चार महिने कॅन कपाटातच ठेवावा.

म्हणून उरलेल्या पाचांना ब्रशनेच द्या. व्हॅलेजोचा सरफेस प्रायमर पॉलियुरेथेन जातीचा आहे, ब्रशने चालतो. बाटली दोन मिनिटं हलवा, पाणी घालू नका. मऊ सिंथेटिक ब्रशने अगदी पातळ थर द्या. पहिला थर डाग पडल्यासारखा दिसेल, तसाच राहू द्या. झाकायच्या नादात त्याच जागी पुन्हा ब्रश फिरवलात तर अर्धवट वाळलेली साय ओढली जाते. तासाभराने दुसरा थर. मग २४ तास थांबा, या हवेत ४८ धरा. यावर पॉलिश पेपर मारायचा नाही, कातडीसारखा सोलून निघतो. कोपऱ्यात साचलेला प्रायमर ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घ्या.

पंचवटी_ब्रश

हलकी खरखर असेल तर प्रायमर काढायची गरज नाही. पूर्ण वाळल्यावर कोरडा, कडक टूथब्रश सगळीकडे घासा. वरवर बसलेली पूड निघून जाते. पाचही मूर्तींवर आधी हे करून बघा.

सुटे_भाग

सपाट भागांवर हे चालतं, मान्य. पण इथे जाळ्या बुजल्यात आणि खाचेत बसलेला थर टूथब्रशने निघत नाही. पिवळा रंग तर खालची खरखर लपवत नाही, उलट ड्रायब्रश केल्यासारखा (ब्रशवरचा बहुतेक रंग पुसून उंचवट्यांवर घासल्यासारखा) कणाकणावर अडकतो. या पाचांचा थर काढावाच लागेल.

झाकणाच्या काचेच्या बरणीत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. मूर्ती बुडेल एवढं घ्या, अर्धा तास ठेवा, टूथब्रशने घासा, गरज पडली तर परत बुडवा. प्रायमर अ‍ॅक्रिलिक असेल तर निघतो. लॅकर जातीचा असेल तर हट्टी असतो, म्हणून आधी एकाच मूर्तीवर करून बघा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन चुकूनही वापरू नका, कारण त्यात पॉलिस्टायरिन, म्हणजे सैनिकांचं प्लास्टिकच विरघळतं. खिडकी उघडी हवी, हातमोजे हवेत, गॅस पेटलेला नको.

सराफबाजार_ड्रिल

हात निखळण्याबद्दल. प्लास्टिक सिमेंट आणि फेव्हिक्विक यांची कामं वेगळी आहेत. सिमेंट प्लास्टिकचे दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. सैनिकांना तेच वापरा: भाग कोरडेच जुळवून धरा आणि सांध्याच्या रेषेला ब्रशचं टोक टेकवा, पातळ सिमेंट आपोआप आत खेचलं जातं. बोट सांध्यावर ठेवू नका. सिमेंट बोटाखाली शिरतं आणि ठसा प्लास्टिकवर कायमचा उमटतो.

रेझिनवर हे सिमेंट काहीच करत नाही, तिथे फेव्हिक्विक चालतं. पण त्याचा सांधा ठिसूळ असतो. सरळ ओढ सहन करतो, तिरका झटका बसला की तुटतो. वॉकरच्या हाताला पुढे तोफ लोंबतेय म्हणजे खांद्यावर सतत तिरका भार. त्यात साच्यातून काढताना रेझिनला लागलेला तेलकट थर धुतला नसेल तर गोंद रेझिनला धरतच नाही, तेलाला धरतो.

सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा आणि रात्रभर वाळवा. जुना गोंद ब्लेडने खरवडून काढा. दोन्ही तोंडं २४० नंबरच्या पॉलिश पेपरने ओली करून घासा. रेझिनची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही, म्हणून ओलंच घासायचं. मग पिन घाला. हातड्रिलने १ मिमीचं भोक खांद्यात ५ मिमी आणि धडात ५ मिमी. समोरासमोर नेमकी जागा येण्यासाठी एका बाजूला भोक पाडा, त्याच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका लावा आणि भाग जुळवून दाबा. दुसरीकडे उमटलेल्या ठिपक्यावर ड्रिल धरा. पेपरक्लिपची ९ मिमी तार कापून घाला. या वजनाला एका खांद्यात दोन पिना हव्यात, एकाच पिनेवर हात गोल फिरतो. हातड्रिल आणि बारीक कानशी सराफ बाजारात सोनारांच्या अवजारांच्या दुकानात विचारा.

फेव्हिक्विक हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे पावसाळ्यात लवकर धरतं. पण त्याची वाफ आसपास बसते आणि पांढुरकी झाक येते. काचेवर तेच झालंय. त्या काचेवर ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ थर द्या, बहुतेक झाक नाहीशी होते. नाहीच गेली तर काच रंगवून टाका, भिंगासारखी. यापुढे पारदर्शक भाग सगळं रंगकाम झाल्यावर फेव्हिकॉलच्या पातळ थराने बसवा. वाळल्यावर दिसत नाही आणि वाफही धरत नाही.

ओला_पॅलेट_ताई

पिवळ्याचं. पिवळ्या रंगद्रव्याची झाकण्याची ताकदच कमी, म्हणून काळ्यावर पाच-सहा थर लागतात आणि तेवढ्यात चिलखताच्या कडा बोथट होतात. प्रायमर पांढरा किंवा फिकट करडा घ्या. त्यावर गुलाबी किंवा गेरूमिश्रित पिवळट रंगाचा एक थर. गुलाबीवर पिवळा उबदार उठतो, पांढऱ्यावर लिंबासारखा. मग पिवळ्याचे दोन पातळ थर, दोन भाग रंग आणि एक भाग पाणी. अंगठ्याच्या नखावर ओढून बघा: रंग एकसंध पसरला पाहिजे, ओघळता कामा नये.

सावलीला काळा वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग) घालू नका. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट, आजारी छटा येते. बर्न्ट सिएनासारखा तांबूस तपकिरी घ्या आणि सगळीकडे न फासता फक्त चिलखताच्या फटींत टोकाने सोडा. जास्त साचला तर लगेच ओल्या ब्रशने टिपा. सुकायला लागल्यावर हात लावला की कडेला चहाच्या डागासारखी रेघ उरते, त्यापेक्षा तो पूर्ण वाळू द्या आणि डागावर परत पिवळा ओढा. काळे सांधे नंतर करा. पिवळ्यावर सांडलेला काळा झाकण्यापेक्षा काळ्यात घुसलेला पिवळा झाकणं सोपं.

ट्यूबचे रंग काळ्या, तपकिरी, गेरू रंगाला खुशाल वापरा. ते कॅनव्हाससाठी घट्ट बनवलेले असतात, नुसतं पाणी घातलं की फुटतात. एक भाग रंग, एक भाग अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेलं पारदर्शक मिश्रण), एक भाग पाणी. पिवळा, पांढरा आणि धातूचे रंग मात्र मिनिएचरचेच घ्या, पैसे तिथे खर्च करा. धातूच्या रंगाला ब्रश आणि पाणी वेगळं ठेवा, नाहीतर चकाकीचे कण पिवळ्यात उतरतात. घरी बोअरचं जड पाणी असेल तर वॉश पातळ करायला आरओचं वापरा, म्हणजे क्षाराचे पांढरे डाग पडत नाहीत.

प्लाझ्मा कॉइल हे माझं आवडतं काम आणि इथेच बहुतेक जण उलटं करतात. एरवी उंचवटा उजळ आणि खाच गडद असते. इथे प्रकाश आतून येतो, म्हणून खाच पांढरी आणि कॉइलच्या कडा गडद. आधी पूर्ण कॉइल पांढरी. त्यावर फिकट निळा, एकाला चार पाणी, असा ग्लेझ (खालचा रंग दिसू देणारा पातळ थर) दोनदा. मग मध्यम निळा फक्त उंच कड्यांवर, ब्रश आडवा धरून. शेवटी खाचेत परत शुद्ध पांढऱ्याची रेघ. बंदुकीच्या अंगावर उजेड पडलेला दाखवायचा असेल तर तोच पातळ निळा, कॉइलकडे तोंड असलेल्या पृष्ठभागांवरच, आणि कॉइलपेक्षा नेहमी मंद.

इंदिरानगर_२८मिमी

सगळ्यांचे मनापासून आभार. अंतर ४० सेंमीच्या आसपास होतं, आता चूक कळली. अजून दोन गोष्टी. वॉकरचे हात पिना घालून आधी चिकटवू की रंगवून मग? आणि बेसवर (मूर्तीखालच्या चकतीवर) मंगळासारखी तांबडी जमीन हवी आहे, त्यासाठी तयार पेस्ट घ्यावी का?

सुटे_भाग

४० फार झालं. कोरड्या दिवशी २० ते २५ सेंमी, फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, दोन थरांत दहा मिनिटं.

हात नंतर चिकटवा. छातीवर आडवी येणारी तोफ आधी बसवली तर मागचं चिलखत रंगवायला ब्रश पोचत नाही. पिनेवर हात नुसता बसवून बघा, काढा, त्याच पिनेने बुचात खोचून रंगवा. सांध्याच्या तोंडांना मास्किंग टेपचा तुकडा लावा. रंगावर लावलेला गोंद रंगासकट निघून येतो. तोफा बदलायच्या असतील तर पिनेऐवजी ३ × १ मिमी निओडिमियम चुंबक. धडातला आधी बसवून पक्का होऊ द्या. हाताचा चुंबक त्याला चिकटवून बघा आणि जी बाजू बाहेर उरते तिच्यावर मार्करने खूण करा. खुणेची बाजू हाताच्या भोकात आत जाते. चुंबक उलटा बसला तर हात खांद्याला टेकतच नाही आणि उकरून काढताना रेझिन फुटतं.

मुरूम_आणि_मिनी

तयार पेस्ट कशाला, आपल्या पायाखालीच आहे! नाशिकची जमीन बेसॉल्टची, आणि तोच झिजून झालेला तांबूस मुरूम शहराबाहेर कुठेही मिळतो. मूठभर आणा, धुवा, कढईत मंद आचेवर १५ मिनिटं भाजा म्हणजे ओल आणि किडे दोन्ही जातात, बुरशी येत नाही. मग चहाच्या गाळणीतून चाळा. गाळणीखाली पडेल ती जमीन, वर राहतील ते दगड. मापाचं भान ठेवा: २८ मिमीच्या मूर्तीत १ मिमीचा कण म्हणजे जवळपास सहा सेंमीचा धोंडा. सगळीकडे मोठे कण टाकले की सैनिक खडीच्या ढिगावर उभा दिसतो.

बेसवर फेव्हिकॉल लावा, आधी तीन-चार मोठे खडे, मग बारीक मुरूम, आणि रात्रभर वाळू द्या. वरून फेव्हिकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे करून ड्रॉपरने सोडा, नाहीतर खेळताना गळत राहतो. ओला झाल्यावर मुरमाचा रंग गडद आणि मातकट होतो, म्हणून नैसर्गिक रंगावर विसंबू नका. गडद तपकिरी, मग विटकरी, मग फिकट नारिंगी असा ड्रायब्रश करा. मेकअपचा जाड गोल ब्रश याला उत्तम. तोच फिकट नारिंगी रंग वॉकरच्या पावलांवर थोडा टेकवा, म्हणजे यंत्र त्या जमिनीवरून चालत आलंय असं वाटतं.

पिवळं चिलखत आणि तांबडी जमीन एकमेकांत मिसळतात, त्यामुळे बेसची कड काळीच ठेवा. आणि मॅट स्प्रे वार्निश आत्ता मारू नका, दमट हवेत तेही पांढरं पडतं आणि तेव्हा खाली सगळं रंगकाम असतं. सध्या ब्रशने मॅट वार्निश द्या. स्प्रेचं ऑक्टोबरच्या उन्हात, सकाळी दहाच्या सुमारास.